ईगले अप्पा

सोलापूरच्या आमच्या शुक्रवार पेठेत 'उद्या' हा शब्द उच्चारण्याआधी माणसं मागं वळून बघत. मागं गुरुपादप्पा उभे असले तर संपलंच. "उद्या कशाला? ईगले," असं म्हणून ते बोलणाऱ्याचं मनगट धरत आणि त्याला थेट त्या कामापुढं नेऊन उभं करत. ईगले म्हणजे कानडीत आत्ताच्या आत्ता. अप्पांच्या घरात कानडी, दुकानात मराठी आणि घाईत दोन्हींची खिचडी. पेठेनं त्यांना 'ईगले अप्पा' म्हणायला सुरुवात केली, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

माझं बिऱ्हाड त्यांच्या खणांच्या दुकानासमोर. मी शाळामास्तर, तेव्हा आजचं उद्यावर ढकलण्यात मुरलेला. एकदा दाढ ठणकत होती. "रविवारी बघू," असं मी घरात म्हणालो आणि अप्पा हातातल्या कापडाच्या गजासकट रस्ता ओलांडून आले. भर उन्हात मला डॉक्टरापुढं बसवलं आणि दाढ निघेपर्यंत माझे दोन्ही हात असे आवळून धरले, की पुढं दाढेपेक्षा मनगटंच जास्त दुखली. "हात न्हाय हलवायचा, मास्तर," असं सारखं बजावत होते. डॉक्टर म्हणाला, एवढं धरायची गरज नाही. अप्पांनी त्याचं ऐकलं नाही.

असल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात त्यांचा जन्म चालला होता. एकदा दुकानात दोन होऊ घातलेले व्याही घरच्या माणसांसकट खण घ्यायला बसले होते. मुलाचा चुलता सहज बोलून गेला, "साखरपुड्याचं गड्डा झाल्यावर बघू." गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. सोलापुरात कौलं चाळण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत सगळं गड्डा झाल्यावरच व्हायचं. अप्पा उठले, आतून साखरेची वाटी आणली आणि दोघांच्याही तोंडात चिमूट चिमूट घातली. "झालं की," म्हणाले. मुलीच्या आईला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

दुसरा हट्ट रंगांचा. डाळिंबी खणाला कुणी लाल म्हटलं, की अप्पा तो परत गुंडाळून ठेवत. "रंगाचं नाव चुकीवलं तर इकणार न्हाय. देवानं डोळं कशाला दिलंत?" एवढं बोलून मात्र ते आतल्या दाराकडं बघत. त्या दाराआड त्यांची लेक गौरा असे.

गौरा जन्मली तीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. लहानपणीच शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगाचा चष्मा लावून ती उजव्या डोळ्यानं वाचायची, निवडणं-टिपणं करायची. डावा डोळा मात्र नावालाच. वर्षभर अप्पांनी तिचा चांगला डोळा रोज पट्टीनं बांधून डाव्याला कामाला लावलं, पोर भिंतींना धडकत राहिली, पण तो डोळा काही शिकला नाही. देवाची मर्जी, असं पेठ म्हणायची. गौराही तेच म्हणायची. अप्पा काहीच म्हणायचे नाहीत.

पुढं अक्कलकोटाकडचं स्थळ मिळून तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. ती तान्ही डोळे उघडून बघू लागली, तेव्हा तिच्याही दोन्ही बुबुळांत तेच पांढरं दिसलं.

जावई मल्लिनाथ आला, त्या दिवशी मी दुकानात वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. गड्डा चार दिवसांवर आलेला. पोराचा स्वभाव गरीब. मान खाली घालून म्हणाला, "मामा, लेकरू लई तान्हं हाय. गड्डा होऊन जाऊ दे, मंग आपरेशनचं बघू की."

मी पेपर खाली ठेवला. आता जावयाचं मनगट जाणार, हे उघड होतं. पण अप्पा जागचे हलले नाहीत.

"ह्येच म्हनलो हुतो मी," ते म्हणाले. आवाज इतका खाली, की आम्ही दोघंही पुढं झुकलो. "गौराचा उजवा डोळा झाला तवा मिशनच्या डाक्टरानं सांगितलं, दुसरा लगेच आना. पन पोर डोळं बांधून उताणी पडलेली. डोळ्याला हात लावंल म्हनून मी तिचं हात धरून बसलेलो. 'अप्पा, सोडा की,' म्हनायची. मला न्हाय सोसलं. घरी आलो आन म्हनलो, गड्डा होऊन जाऊ दे. एका डोळ्यानं मिरवणुकीतला नंदीध्वज तरी बघू दे पोरीला. मंग उन्हाळा आला. मंग गोवर. मंग परत गड्डा. नेली तवा मोती निघाला, डोळा लख्ख झाला. पन डाक्टर म्हनला, ह्या डोळ्याचं बघायला शिकायचं वय गेलं."

मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि जावयाच्या पायांवर ठेवलं. मल्लिनाथ घाबरून मागं सरला. मला कुठं बघावं ते कळेना.

आतल्या दारात गौरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खाली वाकून पागोटं उचललं, झटकलं, बापाच्या डोक्यावर ठेवलं.

"टांगा सांगा, अप्पा," ती म्हणाली. "ईगले."

बाळाच्या दोन्ही डोळ्यांचं पाठोपाठ झालं. सिद्धेश्वराची मिरवणूक त्या वर्षी अप्पांच्या दुकानावरून गेली, तेव्हा दाराला कुलूप होतं. ते दूर दवाखान्यात नातीचे हात धरून बसले होते.

ती नात, गंगू, आता शाळेत जाते. तिला तुमच्या-आमच्यासारखं दिसत नाही. पाटी नाकाला लावते, अंधारात ठेचकाळते, चष्मा तर आईसारखाच जाड. पण दोन्ही डोळे कामाचे. परवा मायलेकी आल्या होत्या, तेव्हा अप्पांनी तिचा एकेक डोळा झाकून खण दाखवले. अंजिरी, मोतिया, डाळिंबी, पोरीनं सगळे बरोबर सांगितले. अप्पा अशा ऐटीत बसले होते, जणू हे रंग त्यांनीच शोधून काढले.

मग गंगूला काय वाटलं कोण जाणे. तिनं एक खण उचलला, आईच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि खण डाव्यासमोर धरला. "आता तू सांग."

गौरानं मान थोडी उजेडाकडं वळवली.

"डाळिंबी," ती म्हणाली.

खण हिरवागार होता.

"बराबर," अप्पा म्हणाले. "डाळिंबीच हाय."

"अज्जा, ह्यो तर," गंगूनं सुरुवात केली, तोवर अप्पांनी खण ओढून मांडीखाली घातला होता. मग त्यांनी पुढं सरकून गौराचे दोन्ही हात हातात घेतले.

बराच वेळ झाला. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

"अप्पा, सोडा की," गौरा हसून म्हणाली.

त्यांनी सोडले नाहीत.