खिडकी तीन, खिडकी चार

स्पर्धा कायद्यावरचं जाडजूड पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, तेही समासात पेन्सिलीच्या खुणा करत. म्हणूनच सुनेला छातीठोकपणे म्हणालो, "शिक्क्याचं माझ्यावर सोपव!" असं छातीठोक मी त्याआधी कधी बोललो असेन, तर आठवत नाही.

सुनेनं मागच्या खोलीत मोबाइलला जोडता येणारा वजनकाटा तयार केला होता. वजनमाप कार्यालयाचा शिक्का असल्याशिवाय तो विकता येत नव्हता, आणि शिक्का आठ महिने अडला होता. कारण कार्यालय स्वतःही तसलाच काटा विकत असे. शिक्क्याची खिडकी तीन, विक्रीची चार, आणि दोन्हीकडे साहेब एकच. चाकांच्या खुर्चीवरून इकडून तिकडे सरकायचे.

तीनवर मी कलमं वाचून दाखवली. अर्ज विचाराधीन आहे, असं सांगून साहेब चारवर सरकले आणि आपुलकीनं म्हणाले, तोवर आमचाच काटा न्या की. नाही म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. काटा घरी आणून कपाटात शब्दकोशांमागे दडवला. पुढच्या दोन खेपांनाही तेच झालं.

चादर शोधताना सुनेला तिन्ही काटे सापडले. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

त्याच दुपारी मी स्पर्धा आयोगाकडे तक्रार धाडली. सुनावणीत बोलायला उभा राहिलो आणि कलमंच काय, स्वतःचं नावही विसरलो. कार्यालयाचे वकील म्हणाले, आम्ही व्यापारी नव्हेच, आम्ही सरकारी अधिकार बजावतो, हा कायदा आम्हाला लागूच नाही. अध्यक्षबाईंची मान डोलू लागली. तेवढ्यात सुनेनं माझ्या पिशवीतल्या तिन्ही पावत्या त्यांच्यापुढे ठेवल्या. तिसरीवर छापलं होतं, 'नेहमीच्या ग्राहकांस स्टँड मोफत.'

"शिक्का मारणं हा अधिकार, मान्य," बाई चष्मा काढत म्हणाल्या. "पण स्टँड फुकट देतो तो दुकानदारच. आणि दुकानदाराला हा कायदा लागू होतो."

पंधरा दिवसांत शिक्का मिळाला. दुकान उघडलं, सुनेनं मोठ्या मनानं मला पुढे बसवलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "आजोबा, कार्यालयाचा काटा चांगला की तुमचा?"

प्रश्न सरळ होता आणि एव्हाना दोन्ही काटे मी वापरून पाहिले होते. म्हणालो, त्यांची बॅटरी जरा जास्त टिकते.

हल्ली मी मागच्या खोलीत खोकी बांधतो. तिथे कोणी काही विचारत नाही.