वाडगा फुटण्याची दूरगामी कारणे

“राजपुत्राला गोळी लागली, म्हणून युद्ध झालं,” चिमीने उत्तर वाचून दाखवलं आणि पेनाला टोपण लावलं.

सरांनी कपाळाला हात लावला. अख्ख्या शाळेला इतिहास शिकवणाऱ्या माणसाची ही सख्खी मुलगी. उद्या परीक्षा, आणि पाच गुणांच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“अगं, हे तात्कालिक कारण झालं. दूरगामी कारणं कुठायत? जुनं वैर, शस्त्रांची चढाओढ, कच्चे तह? दारूगोळा आधीपासून साठलेला असतो. गोळी ही नुसती ठिणगी. ती पडते, आणि मग...”

मग काय होतं ते दाखवायला सरांनी दोन्ही हात फेकले. उजवं कोपर टेबलाच्या कडेवरच्या काचेच्या वाडग्याला लागलं आणि स्फोट खरोखरच झाला.

वाडगा साधासुधा नव्हता. सासूबाईंनी लेकीला लग्नात दिलेला. पाहुण्यांनासुद्धा तो लांबूनच बघायला मिळे. आवाज ऐकून चिमीची आई धावत आली. तिने आधी फरशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“कोणी फोडला?”

“बाबांच्या कोपराने,” चिमी म्हणाली. घरभेदी कुठली!

“थांब, थांब,” सर घाईघाईने म्हणाले. “कोपर हे तात्कालिक कारण. वाडगा मुळात कडेला का होता, हा खरा प्रश्न आहे.”

‘चुकलं माझं’ म्हणाले असते, तर चार शब्द ऐकून सुटले असते. पण ज्याला कारणं शिकवण्याचाच पगार मिळतो, तो एका कारणावर कसा थांबणार?

“मधोमध तुमच्या तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या. म्हणून सरकवला मी,” आई म्हणाली.

“बघ चिमे! आणि उत्तरपत्रिका घरात का? शाळेत शिक्षकाला बसायला धड टेबल नाही म्हणून! असं मागे मागे जात राहायचं.”

दोष शाळेच्या गळ्यात गेलेला पाहून सरांना हायसं वाटलं. चिमीला मात्र जन्मात पहिल्यांदाच इतिहासात रस वाटू लागला होता.

“पण बाबा, वाडगा टेबलावर कशाला? कपाटात का नव्हता?”

“शाब्बास! याला म्हणतात प्रश्न!” सर म्हणाले. उत्तर कुठे निघालंय हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता.

“कपाटात जागा कुठाय?” आई सावकाश म्हणाली. “तिथे तुमची मासिकं आहेत ना.”

सरांचा चेहरा पडला. इतिहासाची ती मासिकं त्यांनी कॉलेजात असल्यापासून एकही अंक न चुकवता जमवली होती. ती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्यावरून घरात कितीदा भांडणं झाली, कितीदा मिटली, आणि मिटलेली कितीदा पुन्हा पेटली.

“जुनं वैर,” चिमी पुटपुटत लिहू लागली. “कच्चे तह...”

“लिहू नकोस!”

“का? बरोबर आहे की!”

आई अजिबात चिडली नव्हती. सरांना आता त्याचीच भीती वाटू लागली.

“तुमचं पटलं मला,” ती म्हणाली. “कोपराला काय बोलायचं? ते बिचारं. मुळावरच घाव घालायला हवा.” तिने कपाट उघडून पहिला गठ्ठा ओढला. “बरं झालं, रद्दीवाला खालीच आहे.”

“अगं, ऐक तरी! धक्का माझाच लागला. मीच वेंधळा! मुद्दाम फोडला म्हण हवं तर!”

“अहो, ते सगळं तात्कालिक हो,” ती शांतपणे म्हणाली आणि दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळली.

सरांनी काकुळतीला येऊन लेकीकडे पाहिलं. “चिमे, तू तरी सांग तिला. कोपरच कारण आहे, दुसरं काही नाही.”

चिमीने पान उलटलं.

“कारणं झाली, बाबा. आता परिणाम लिहितेय. आई एकटीच उचलतेय बघा, जरा हात लावा ना.”