बाल्दोमेरोची गोड जीभ

"शब्द म्हणजे शब्द! आजच्या जेवणात माझ्या तोंडून एकही शिवी निघणार नाही!" बाल्दोमेरोने छातीवर हात ठेवून लेकीला सांगितलं. स्पेनमधल्या काडिझच्या बंदरावर त्याचा बार होता आणि शिवी घातल्याशिवाय त्याने आजवर एकाही गिऱ्हाइकाला बिअर दिली नव्हती!

"टॉर्बनसमोर एक जरी शिवी दिलीस ना बाबा, तर लग्न डेन्मार्कला! तुझ्या बारमध्ये नाही!" अरासेलीने बजावलं आणि ती मासे तळायला आत गेली. बाल्दोमेरोला घाम फुटला. एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि ते बर्फात?

होणारा जावई आला. उंच, गोरापान, गावात पहिल्यांदाच.

"यावं, यावं! आपण बसावं," बाल्दोमेरो म्हणाला. टॉर्बनचा चेहरा पडला.

"आपल्याला ऑलिव्ह चालतील ना?" टॉर्बन पांढराफटक!

आदर कमी पडतोय, असं बाल्दोमेरोला वाटलं. त्याने साखर वाढवली. "आपल्या पायांनी आमचं घर पावन झालं, साहेब!"

एवढ्यात सिप्रियानो कोळी दारातून डोकावला. "काय रे बोकडा, बिअर देतोस का?"

बाल्दोमेरोने जीभ चावली. "आपण जरा थांबावं, सिप्रियानोजी."

लहानपणापासूनचा दोस्त तो! हबकलाच. "माझं काय चुकलं रे?" म्हणत डोळे पुसत निघून गेला.

टॉर्बननेही बॅग उचलली. "कळलं मला. येतो मी."

"अहो, पण का?"

"आमच्या गोदीत तुमच्या गावची माणसं आहेत. त्यांनीच शिकवलंय. शिव्या घातल्या तर आपला, आणि गोड बोलले तर समजायचं की त्यांना आपलं तोंडही बघायचं नाहीये. तुम्हाला मी नकोय!"

बाल्दोमेरोचा बांध फुटला. "अरे बोकडा! गाढवीच्या! तुझ्यासाठी सकाळपासून जीभ चावून चावून तिचा चोथा केला मी! बस खाली, मुडद्या!"

टॉर्बनला रडूच कोसळलं. त्याने सासऱ्याला कडकडून मिठी मारली. "लग्न इथेच, म्हाताऱ्या बोकडा!"

बाल्दोमेरोही विरघळला. असा जावई मिळायला भाग्य लागतं!

तोच स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. दारात अरासेली, हातात झारा! तिने बापाच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की बंदरावरच्या खलाशांनीसुद्धा कानांवर हात ठेवले.

टॉर्बन गहिवरून म्हणाला, "किती प्रेम आहे हो तिचं तुमच्यावर!"

"हे प्रेम नव्हे रे, गाढवा!" बाल्दोमेरो टेबलाखाली शिरत ओरडला. "पळ!"