मनोहररावांची सबब

जगात कारणाशिवाय काहीच घडत नाही, आणि सरकारी कचेरीत तर कारण कागदावर आल्याशिवाय काही घडले असे धरतच नाहीत.

सीताबर्डीवरच्या एका कचेरीत मनोहरराव हेडक्लार्क होते. कारभार मराठीत करण्याचा हुकूम आला, तेव्हा जन्मभर इंग्रजीत मसुदे केलेल्या मनोहररावांचे जेवणावरून मन उडाले. मग त्यांना 'सबब' हा शब्द सापडला आणि भूक परतली. मोठा गुणी शब्द. कचेरीने लिहिला तर अर्थ 'म्हणून'. लोकांनी सांगितली तर 'बहाणा'. (शेकडा नव्वद पत्रांत तो असे. उरलेल्या दहांवर शाई सांडलेली असे.)

अशात जिन्याची कुजकी पायरी मोडली आणि झाडूवाल्या अंजनाबाई पडल्या. पाय प्लास्टरात गेला. मनोहररावांनी केलेला मसुदा केवळ देखणा होता: 'पायरी कुजकी असल्याचे सर्वांस ज्ञात होते, सबब पडणे ऐच्छिक होते. बाई गैरहजर राहिल्या, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. आता त्या नोकरीत नाहीत, सबब त्यांच्या पायाशी या कचेरीचा संबंध नाही.' साहेबांनी सही करून 'उत्तम' असा शेरा मारला.

पुढे अंजनाबाई कुबडी टेकत आल्या. त्यांना जिना चढवेना, सबब मनोहरराव खाली उतरले.

"बाबूजी, मले काहून काढलं जी?"

"तुम्ही आला नाहीत, सबब."

"पाय मोडला होता ना."

"ती सबब झाली, बाई."

"म्हंजे तुमची सबब चालते, अन् माही नाही चालत."

वर येऊन मनोहररावांनी डबाही उघडला नाही. साध्या मराठीत लिहिले: 'पायरी आपण दुरुस्त केली नाही, म्हणून बाई पडल्या. त्यांना परत घ्यावे.'

साहेबांनी बोलावून घेतले. "मनोहरराव, 'म्हणून' लिहिलं की 'कोणामुळे' ते विचारतात. दुरुस्तीची फाइल कोणाच्या टेबलावर होती?"

"माझ्या."

पेन्शन जवळ आली होती, सबब मनोहररावांनी तो कागद स्वतःच फाडला.

अंजनाबाई आता समोरच्या फुटपाथवर उकडलेल्या शेंगा विकतात. मनोहरराव दुसऱ्या बाजूने जातात. पायरी आहे तशीच आहे.

वाचकहो, त्या जिन्याने आपणही कधी गेला असाल. पायरी पाहिली असेल, जपून ओलांडली असेल आणि कोणाजवळ बोलला नसाल. आपल्याला घाई होती. ती अर्थातच सबब नव्हे. ते कारण आहे.