खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला आमच्या आष्ट्यात ज्याच्या घरी जे हत्यार असेल ते धुऊन-पुसून पूजेला लागतं. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, शिंप्याची मशीन, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, सगळं. मी शाळेत क्लार्क. माझं हत्यार म्हणजे एक रबरी शिक्का आणि एक स्कूटर. दोन्ही धुऊन झाली तरी नऊच वाजले होते. रिकामा माणूस आणि ओलं फडकं एकत्र आलं की घरात काहीतरी होतंच. माझी नजर बायकोच्या कॉम्प्युटरवर गेली.

या कॉम्प्युटरवर शिवांजली लग्नपत्रिका तयार करते. यंत्र जुनं आहे, म्हणून तिच्या भावानं, इंद्रजितनं, त्यात विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स घालून दिलंय. (इंद्रजित सैन्यात सिग्नलमध्ये आहे. घरात मी सोडून सगळ्यांना काहीतरी येतं.) त्या दिवशी ती वाईला देवीची ओटी भरायला पहाटेच्या एसटीनं गेली होती. जाताना दारातून म्हणाली, "फुलं वाहा, हळद-कुंकू लावा, पण बटणाला बोट लावू नका."

एवढा इशारा द्यायला कारण होतं. आत पल्लवीची पत्रिका होती. पल्लवी म्हणजे माझा चुलतभाऊ मानसिंग याची मुलगी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर सांगलीच्या छापखान्यात पहिला कागद तिचाच निघायचा होता. आता बाहेरच्याला वाटेल, पत्रिकेत काय एवढं? तर 'आपले नम्र' या दोन शब्दांखाली आमच्या भावकीतली चौसष्ट नावं होती, आणि कोण कोणाच्या वर हे ठरायला दोन महिने लागले होते. भाऊसो तात्या वयानं थोरले, नाथाजी आण्णा पातीनं, म्हणजे घराण्याच्या शाखेनं थोरले. मागं एका पत्रिकेत आण्णांचं नाव एक ओळ खाली आलं, तर त्यांनी लग्नाला येऊन अक्षता टाकल्या आणि घरून आणलेला डबा मांडवात बसून खाल्ला. या वेळी शिवांजलीनं दोघांना शेजारी बसवून स्क्रीनवर पट्टी लावून मोजून दाखवलं. तात्या डावीकडे, आण्णा उजवीकडे, ओळ एकच. आदल्या संध्याकाळीच दोघांनी मान हलवली होती. प्रिंटरची शाई संपलेली, त्यामुळे ती यादी जगात एकाच ठिकाणी होती. त्या यादीत खाली, बरोबर मध्यभागी, एकट्याच्या ओळीत 'व्यवस्थापक' म्हणून माझं नाव होतं. आयुष्यात मी मध्यभागी आलो तो तेवढाच.

पडदा पुसावा म्हणून मी टेबलावरचा उंदीर, म्हणजे माउस, हलवला. (बटणाला बोट लावलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो.) यंत्र रात्रभर चालूच राहिलं होतं; पडदा जागा झाला आणि एक चौकोन उघडला. नवं कर्नेल आलंय, अपग्रेड करायचं का, असं विचारत होता. शिवांजली महिनाभर त्याला 'नंतर' म्हणून वाटेला लावत होती. मी विचार केला, आज सगळी हत्यारं बाहेरून धुतात, हा आतूनही धुऊन निघाला तर काय वाईट? 'हो' म्हटलं. एक पट्टी हळूहळू भरू लागली. मला फार समाधान वाटलं.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा आई आरतीचं ताट घेऊन आली. आईचं नाव धोंडुबाई. तिच्या नियमांना अपील नाही. ती म्हणाली, "हे घरघरतंय कशानं? चालू हत्याराची पूजा करत्यात व्हय रं? आधी थांबीव."

मी सांगितलं, आत काम चाललंय. तर तिनं सांगितलं, नवमीला हत्याराकडनं काम करून घेणं हेच मुळात पाप. तिचं बरोबर होतं. आमच्याकडं त्या दिवशी नांगरसुद्धा मातीला लावत नाहीत. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. आईनं वर खण ठेवला, झेंडूची माळ घातली आणि बजावलं, आता दसऱ्यापर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. मग ती देवळात गेली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दम धरला. मग मनात पाल चुकचुकली. एकदा बघून घ्यावं म्हणून माळ बाजूला सारून बटण दाबलं.

काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी वरून खाली धावल्या आणि शेवटच्या ओळीवर सगळं थिजलं. तिथं लिहिलं होतं, 'कर्नेल पॅनिक'. बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा देवाचं नाव घेऊन चालू केलं. देवही सुट्टीवर असावा.

मला भीती वाटली. खरी भीती. डोळ्यांसमोर पल्लवीचा मांडव दिसला, त्यात दोन म्हातारे दोन कोपऱ्यांत आपापले डबे उघडून बसलेले, आणि मधे शिवांजली माझ्याकडं बघत उभी. ती ओरडत नाही. नुसती बघते. ओरडली असती तर निदान मी शेजारच्यांकडं न्याय मागितला असता.

इंद्रजितला फोन लावला तर रेंज नाही. अकरा वाजले, बारा वाजले. भीतीनं माणूस गप्प बसत नाही, हीच भीतीतली खोट. मी ठरवलं, यादी गेलीच आहे तर आठवून नवी लिहू. आठवून बघितली. चौसष्टातली एकोणीस नावं आली, त्यात एक वारलेले होते. म्हणून मी भाऊसो तात्यांना फोन केला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तात्या, तुमचं नाव नेमकं कसं ठरलंवतं?"

तात्या हुशार. दोन महिने ठरलेली गोष्ट कुणी पुन्हा विचारतो म्हणजे ती हलू शकते, हे त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, नाव तेवढंच, पण खाली आपल्या तिन्ही जावयांची एक वेगळी ओळ ठरली होती, विसरलास काय? असं काही ठरलं नव्हतं. पण मला 'नाही' म्हणायचा धीर झाला नाही. मी "व्हय, व्हय" म्हणालो.

मग समतोल राखायचा म्हणून (हे माझं डोकं) आण्णांना फोन केला. त्यांच्यापर्यंत जावयांची बातमी आधीच पोचली होती. त्यांनी नातवाची एक ओळ मागितली, नावापुढं कंसात 'जर्मनी' लिहून. मी तीही दिली.

चारला इंद्रजितचा फोन आला. मी म्हटलं, लाइट गेली आणि असं झालं. तो म्हणाला, "दाजी, लाइट गेली का तुमी घालवली?" मी आईचं नाव सांगितलं. तो हसला नाही, याचं मला फार बरं वाटलं. त्यानं समजावलं, कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा, नवा अर्धवट बसलाय, पण जुना अजून आतच आहे. चालू करताच एस्केप दाबा, पर्यायांची यादी येईल, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा, धाकट्या नंबरावर, म्हणजे जुन्यावर, एंटर मारा.

मी एंटर मारलं. पडदा उजळला. पत्रिका जशीच्या तशी तिथं होती. डावीकडे तात्या, उजवीकडे आण्णा, मध्यभागी मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाचच मिनिटांचं काम होतं. मधल्या पाच तासांत तात्या-आण्णांना ते दोन फोन केले नसते, तर ही गोष्टच झाली नसती.

सहाला शिवांजली एसटीतून उतरून घरी आली, तेव्हा आमच्या सोप्यात तात्या आणि आण्णा दोघं बसले होते. दोघांच्या हातात आपापल्या वाढीव नावांची चिठ्ठी होती. आई माझ्या बचावाला म्हणाली, "बटण मीच बंद कराय लावलं गं, त्याचा काय दोष न्हाई." म्हणजे उरलंसुरलंही बाहेर आलं.

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, पट्टी लावून कागद मोजला आणि शांतपणे म्हणाली, "शब्द दिलाय तर पाळायचा. पण कागद वाढत न्हाई. एका ओळीपुरतीच जागा हाय; दुसरी घालायची तर मधली एक काढावी लागंल."

तात्यांनी आण्णांकडं बघितलं, आण्णांनी तात्यांकडं. दोन महिन्यांत प्रथमच दोघांचं एका क्षणात एकमत झालं. दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं.

आठ दिवसांनी पत्रिका छापून आल्या. पल्लवीच्या लग्नाचा घोर मिटला, दोन्ही म्हातारे एका पंगतीला बसणार म्हणून मानसिंगनं पेढे वाटले. मी एक पत्रिका घेऊन माडीवर गेलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मधे जावई होते, जर्मनी होती. मी नव्हतो. अगदी तळाशी, गणपतीच्या पिवळ्या उंदराशेजारी, 'आमच्या पल्लूताईच्या लग्नाला यायचं हं' असं बोबड्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली भावकीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं होती. त्यांत शेवटचं नाव माझं.

मी खाली येऊन शिवांजलीला म्हटलं, निदान वयानं तरी मला पोरांत पहिला घालायचंस. ती म्हणाली, तसंच लावलं होतं, पण भावकीतल्या सगळ्यात धाकट्याची, तीन वर्षांच्या यशराजची हरकत आली.