गळ्यात लिंग, हातात गळ

परंड्यात मासे धरणारे पुष्कळ होते. धरलेल्या माशाची माफी मागणारा एकच होता, चनाप्पा. मासा ओल्या तळहातांवर घ्यायचा, तोंडातला गळ हलकेच सोडवायचा आणि पाहुण्याला गाडीत बसवून द्यावं तशा सुरात म्हणायचा, "जावा आता. लई तरास दिला. घरी वाट बघत असतील." मग वाकून त्याला पाण्यात सोडायचा.

चनाप्पा लिंगायत वाणी. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गूळ-तेल-मिरचीचं दुकान होतं. त्याच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नव्हतं. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि खांद्यावर आठ हात लांबीचा कळक घेऊन तो सीना नदीकडं निघाला की पोरं मागून ओरडायची, "गळ्यात लिंग, हातात गळ!" ती म्हण गावाची नव्हे, माझी. मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो, आणि असली वाक्यं जुळवून लोकांना हसवायचं ही माझी खोड होती. तिच्यापायी मी काय करून बसलो, ते आजवर फक्त एका माणसाला सांगितलं. आता पन्नाशी आली. सगळ्यांना सांगून टाकतो.

दिवस निजामाचे, आणि तिकडं विलायतेत लढाई पेटलेली. हैदराबादचा एक मोठा अंमलदार दौऱ्यावर आला आणि त्याचे तंबू सीनेच्या काठी पडले. शिधा चनाप्पाच्या दुकानातून जायचा. एकदा तो स्वतःच तूप घेऊन गेला, तर साहेब गुडघाभर पाण्यात उभा राहून बारीक काठीनं नदीला चाबूक मारतोय! चनाप्पाला वाटलं, नदीनं काही गुन्हा केला असेल. जवळ जाऊन पाहिलं तर काठीला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला गांडूळ नव्हतं, पिसांची केलेली एक माशी होती. ती पाण्यावर अशी अलगद टेकायची की माशाला खरीच वाटावी. साहेब खुशीत होता. त्यानं एक जुनी माशी चनाप्पाला देऊन टाकली.

ती तळहातावर घेऊन तो थेट माझ्याकडं आला. "मास्तर, माशीनं मासा धरत्यात," तो म्हणाला. "बायकू दावायची अन् नवरा बलवायचा, आसलं काम."

मी हसलो. त्याला हसू आलं नाही. कारण त्याची स्वतःची बायको दोन वर्षं माहेरी होती.

गिरजा तिचं नाव. कळंबची. पंचमीला म्हणून गेली ती परत आली नाही. सासू तोंडाची तिखट, लेकरू नाही म्हणून दिवसातून चारदा ऐकवायची; आणि आई बोलायला लागली की चनाप्पा गुळाच्या ढेपेकडं बघत बसायचा. पुढं म्हातारी वारली. त्यानंतर हा दोनदा बायकोला आणायला कळंबला गेला. ओसरीवर बसला, चहा प्याला. मेहुण्यानं विचारलं, "का येणं केलं?" तर म्हणाला, "काय न्हाय, सहज." आणि परत आला. दोन्ही वेळा.

माणसांपुढं तोंड न उघडणारा हा गडी त्या माशीपायी मात्र पेटला. बुरुडाकडून कळक आणला. गळाचं मागचं काटेरी टोक कानशीनं घासून गुळगुळीत केलं, माशाला लागू नये म्हणून. प्रश्न पिसांचा होता. वाण्याच्या घरी कोंबडीची पिसं कुठून यायची? तो शेजारच्या फातमाबीच्या खुराड्यामागं वाकून गळालेली पिसं वेचू लागला. तिनं एकदा पकडलं. "सेठ, मुर्गी होना तो मांगो, चोरी कायकू?" तो लाजून म्हणाला, "मुर्गी न्हाय, पिसंच पायजेत." त्या दिवसापासून सेठ करणी करतो अशी गल्लीत वदंता झाली, आणि उधार मागणारे थोडे कमी झाले.

शाळेला शुक्रवारी सुट्टी. मी करमणूक म्हणून त्याच्यासोबत जायचो. चारपाच महिने त्यानं फेकलेला गळ बाभळीत अडकला, त्याच्याच पागोट्यात अडकला, एकदा माझ्या कोटाच्या खांद्यात अडकला. मासा सोडून सगळं त्याच्या गळाला लागलं. मी वैतागून विचारलं, खायचा नाही तर धरायचा कशाला? तो बाभळीतला गळ सोडवत राहिला.

उत्तर दिवाळीच्या आधी एका सकाळी मिळालं. पाणी निवळलेलं होतं. माशी पाण्यावर टेकली आणि खालून काळी पाठ उसळली. मरळ होती, हातभर लांब. कळक वाकला, दोरा ताठ झाला, चनाप्पा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात गेला. मला वाटलं आता हा ओरडणार. पण तो देवळात बोलावं तसं हळू बोलला.

"मास्तर, वढ लागली. तिकडनं कुनीतरी मला वढतंय."

मी काठावरून सांगत होतो, ढील द्या, ढील द्या. तो ऐकत कुठं होता? "एवढ्या वर्षांत मला आसं कुनी वढलं न्हाय हो," असं काहीतरी पुटपुटत होता. ओढ हा शब्द मी शाळेत कितीदा तरी फळ्यावर लिहिला होता. दोऱ्याला लागते तीही ओढ आणि जिवाला लागते तीही ओढ, हे मला त्या वाण्याच्या तोंडून कळलं. मरळ हातात आली तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला त्यानं घरी वाट बघणाऱ्यांचा निरोप दिला आणि सोडलं. मग चिखलातच बसून राहिला, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा. त्या दिवशी दुकानात ज्यानं छटाक गूळ मागितला त्याला पावशेर मिळाला.

आणि त्याला वाचा फुटली. त्यानं माझ्याकडून कळंबला पत्र लिहून घेतलं. तोवर त्याला पत्रातसुद्धा "सहज" म्हणायची सवय, या खेपेला म्हणाला, "लिव्हा, घर सुनं हाये. म्या चुकलो. या." उत्तर बरं आलं. मेहुणा बसाप्पा लवकरच परंड्याला येणार, घर बघणार, मग बहिणीला पाठवायचं ठरवणार. चनाप्पानं भिंती सारवल्या. न्हाणीघराला नवं दार बसवलं. तिला उंबऱ्याला ठेच लागायची म्हणून उंबरा तासून घेतला.

त्याच सुमारास गावात एक लग्न होतं. जेवणं झाली, पानसुपारी फिरली, कुणीतरी म्हणालं, मास्तर, चनाप्पाचं सांगा. मी सांगत गेलो. नदीला चाबूक, फातमाबी, पागोटं. लोक पोट धरून हसत होते. शेवटाला मरळ आली. आता खरं सांगायचं तर तिला सोडलं असं म्हणावं लागत होतं, आणि त्यावर कुणी हसलं नसतं. हसणाऱ्या माणसांपुढं मला शेवट फिका पडलेला चालत नसे. म्हणून मी म्हणालो, "मग चनाप्पानं गळ्यातलं लिंग पाठीवर फिरवलं, म्हणाला, देवा, जरा तिकडं बघ. अन् मरळ भाजून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली."

मांडव हादरला. एक पाहुणा तेवढा हसला नाही. पानाचा विडा तसाच हातात धरून तो उठून गेला. मी त्याला ओळखत नव्हतो.

आठ दिवसांनी चनाप्पा पत्र घेऊन आला. वाचून बघा म्हणाला, त्याचा विश्वास बसत नव्हता. बसाप्पा त्या लग्नाच्या निमित्तानं परंड्याला येऊन परस्पर परत गेला होता. पत्रात एकच वाक्य होतं: लिंग पाठीवर टाकून मासे खाणाऱ्याच्या घरी आमची मुलगी नांदणार नाही.

माझं वाक्य माझ्याच हातात होतं. चनाप्पा मात्र दुसऱ्याच विचारात होता. "रचनारा हुशार हाये," तो म्हणाला. "लिंग पाठीवर... मला न्हाय सुचलं आसतं." आणि किंचित हसलासुद्धा. मग माझा हात धरला. "मास्तर, तुमी हुता तिथं. तुमी बघितलंय म्या सोडली ती. तुमचा शबुद ऐकत्याल. एवढं जाऊन सांगा."

मी गेलो. बार्शीवरून रेल्वेनं येडशी, पुढं बैलगाडी. वाटभर वाक्य घोकत होतो: ते मी रचलं, ते खोटं आहे. ओसरीवर पाय ठेवला आणि बसाप्पानं मला ओळखलं. घरातल्या चार वडीलधाऱ्यांकडं वळून म्हणाला, "हेच ते मास्तर. ह्यांच्याच तोंडून ऐकलंय म्या." आणि माझ्याकडं बघून, "का हो, खोटं बोलला होता का तुम्ही?"

मास्तर खोटं बोलला म्हणायचं, तेही पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणाऱ्यानं. "मी... ऐकलेलं सांगितलं," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून गिरजा आली. दाराची चौकट धरून उभी राहिली. सगळ्यांच्या देखत, भावाकडं न बघता, तिनं मला विचारलं, "खरंच खाल्लं का त्यांनी? तुमी सांगा, म्या ऐकते."

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

परत येऊन चनाप्पाला सांगितलं, ते लोक ऐकत नाहीत. गिरजाचं नावही काढलं नाही. तो म्हणाला, तुमी माझ्यापायी लई हाल काढले. माझ्या पायांना गाडीची धूळ होती म्हणून पाणी तापवून आणलं. त्यानंतर तो नदीवर गेला नाही. कळकाला केरसुणी बांधली आणि आढ्याची जळमटं काढायला ठेवला.

संस्थानातल्या शेवटच्या धामधुमीत आम्ही पुष्कळजण निजामाची हद्द ओलांडून बार्शीला आलो. चनाप्पा आणि मी एकाच धर्मशाळेत होतो. कळंबहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, बसाप्पाची बहीण मागच्या उन्हाळ्यात तापानं गेली. चनाप्पानं आंघोळ केली, पूजा केली आणि पडवीत तांदूळ निवडायला बसला. त्याच्यापुढं बसून मी सगळं सांगितलं. मांडवातलं वाक्य, बसाप्पाचा प्रश्न, चौकटीत उभी राहिलेली गिरजा, माझं उत्तर. तो मारेल तर बरं, असं मला वाटत होतं.

तो खडे वेचत होता. हात न थांबवता म्हणाला, "ती भाईर आली हुती?"

"होय."

"सोता? कुनी बलवलं न्हवतं?"

"नाही."

"काय म्हनली? जसंच्या तसं सांगा. पदरचं घालू नका."

मी तिचं वाक्य सांगितलं. त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. ते सातआठ शब्द मी पाच वर्षं त्याच्यापासून दडवून ठेवले होते. माझ्या सगळ्या पापांत तेच मोठं, हे मला तेव्हा कळलं.

"मंग किती येळ थांबली?"

खोटं ओठावर आलं होतं. बराच वेळ थांबली, डोळ्याला पदर लावला. त्याचा विश्वास बसला असता.

"लगेच आत गेली," मी म्हणालो.

चनाप्पानं मान हलवली. तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"चुलीवर दूध आसंल," तो म्हणाला. "तसंच टाकून आली आसंल."