बायकोची उतरती रेघ

रविवारी माळा आवरायचं कबूल केलेला माणूस संगणकापुढे बसलेला दिसला, की समजावं, घराचे ग्रह फिरले. या घरातला प्रोग्रॅमर तसाच बसला होता. पोटापाण्यासाठी तो एका विमा कंपनीची वेबसाइट सांभाळायचा आणि जिवाला विरंगुळा म्हणून कुणीही न मागितलेली पानं बनवायचा. एका पानावर चित्र टाकलं की त्यातले सगळे रंग सुटे होऊन फिकट ते गडद असे रांगेत उभे राहायचे. दुसऱ्यावर आपला फोटो टाकला की तो बटाट्यांचा बनलेला दिसायचा. याचा उपयोग काय, हे विचारणं बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं.

या वेळी त्यानं दोन्ही घरांचे जमतील तेवढे जुने-नवे फोटो गोळा केले होते. पान चेहरा ओळखायचं, ओठांची टोकं किती वर गेलीत ते मोजायचं आणि माणसागणिक एक रेघ काढायचं, कोण कुठल्या वर्षी किती हसलं याची. स्वतःवरच खूश होऊन त्यानं ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'बघा गंमत!' आणि शहाण्यासारखा माळ्यावर चढला.

खाली उतरला तेव्हा ग्रुप पेटला होता. बायकोची हिरवी रेघ लग्नापर्यंत चढत गेली होती आणि लग्नानंतर जिना उतरल्यासारखी पायरी पायरीनं खाली आली होती. तिच्या मावशीनं त्या ठिकाणी लाल गोल काढून पाठवला होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, ती हिरवी रेघ आमच्या लेकीचीच ना?"

"हो आई, पण त्याचं काय आहे, डेटा जरा कमी पडतो..."

"तुमचा डेटा कमी पडतो, की आमच्या पोरीचं हसू?"

बायकोला विचारावं, तर ती दवाखान्यात. फिजिओथेरपिस्ट बाईंची रविवारची ड्यूटी, फोन लॉकरमध्ये. मग त्यानं घाबरून पानच काढून टाकलं. लगेच ग्रुपवर त्याच्या सख्ख्या आत्यानं लिहिलं, 'पुरावा नष्ट केला म्हणजे पाणी मुरतंय.' म्हणून त्यानं पान परत लावलं, फक्त चेहरा ओळखायची आणि हसू मोजायची पट्टी थोडी सैल केली. थोडी म्हणता म्हणता जास्तच झाली. सगळ्यांच्या रेघा आभाळाला टेकल्या. कुटुंबातली सर्वांत हसरी व्यक्ती म्हणून मावशीचा ऑपरेशननंतरचा फोटो वर आला आणि दुसऱ्या नंबरावर काकांचा फ्रिज.

"अरे, मी तेव्हा कण्हत होते!" मावशी फोनवर ओरडली. "माझ्या दुखण्यावर तुझ्या बायकोचं हसू वाढवतोस होय रे?"

त्यानं निमूट पट्टी पूर्वीसारखी केली. हिरवी रेघ पुन्हा खाली आली. आता तो एकटाच तिच्याकडे बघत बसला आणि त्याला खरीच भीती वाटली. पानात चूक कुठेच सापडत नव्हती. आपण बटाटे मोजत बसलो आणि शेजारी बसलेलं माणूस हसायचं थांबलेलं आपल्याला कळलंच नाही की काय?

दुपारी सासू-सासरे दारात हजर. सासूबाई पुढे, सासरे मागे. सासऱ्यांना बोलायला फारसं आवडायचं नाही, आणि संसारात तशी वेळही फारशी आली नव्हती.

"लेकीला घेऊन जाते थोडे दिवस," सासूबाई म्हणाल्या. "हसायला लागली की आणून सोडते."

तेवढ्यात लेक आली. बूट काढायच्या आत आईनं तिचे दोन्ही हात धरले. "खरं सांग, सुखी आहेस ना?"

सगळी हकिगत ऐकून बायको मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं आई, लग्नाआधीचे फोटो मैत्रिणींनी काढलेत. लग्नानंतरचे सगळे यानं! जरा डावीकडे हो, उजेड नाही, हनुवटी खाली, थांब, हलू नकोस... हा बटण दाबतो तोवर हसू विटून जातं. विश्वास नसेल तर तू उभी राहून बघ."

सासूबाई उभ्या राहिल्या. "आई, जरासं इकडे... पडदा सारतो... खांदा सैल..." बऱ्याच वेळानं बटण दाबलं गेलं, तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत खून उतरला होता.

"पटलं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पण आरोपी सुटला म्हणून न्यायाधीश थोडाच स्वस्थ बसतो! "बरं, यांची रेघ कुठली?"

"ही करडी," जावई चाचरत म्हणाला. ती टेबलाच्या कडेसारखी सपाट होती.

"म्हणजे संसारभर हा माणूस हसलाच नाही? आणि हे मध्येच उंच काय गेलंय?"

जावयानं तिथला फोटो उघडला. एका तलावाच्या धक्क्यावर तरुण सासरे उभे होते, अर्धं डोकं फोटोबाहेर, तोंडभर हसू.

"बघ गं, बघ! मी कुठे दिसतेय का यात? मी नसले की बरे खुलतात!"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "तू आहेस की. हा काढला कुणी?"

सासूबाई फोटोवर वाकल्या. "कॅमेरा नवा होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "डोकंच कापलं मी तुमचं."

"कापू दे," सासरे म्हणाले. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

सासूबाई चक्क लाजल्या. जावयानं फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा उजेड न बघता बटण दाबलं. फोटो तिरका आला, हललेला आला, सासऱ्यांचं डोकं याही वेळी अर्धंच आलं. पण दोघांच्या मागे पोट धरून हसणारी त्याची बायको त्यात अगदी स्पष्ट आली होती.